वाळूच्या वाटेवरची चाकोरी

कारखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. नाव मीच पाडलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं माझ्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला आणि म्हणाली, "याच्या काठाला चीर आहे, ओठ कापशील." मी पेला उजेडात धरून गोल फिरवला, मला काही दिसेना. संध्याकाळी तो माझ्या हातातच दुभंगला. दुसऱ्या दिवसापासून ती दुर्बीण झाली. इतकी झाली, की पगाराच्या वेळी तिचं खरं नाव पुकारलं तरी जागची हलायची नाही, मला कोपरानं ढोसावं लागायचं.

आमचा कारखाना औषधाच्या बाटल्यांचा. मी पॅकिंगला, ती तपासणीला. तपासणीची खोली काळ्या रंगानं रंगवलेली, खिडकी नाही, आणि सरकत्या पट्ट्याच्या मागे एकच पांढरा उजळ पडदा. भट्टीतून निघून गार झालेल्या बाटल्या त्या पडद्यासमोरून एकीमागून एक जायच्या आणि तिनं स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघायचं. केसाएवढी चीर, मानेत बुडबुडा, तळाला न वितळलेला खडा, असं काही दिसलं की ती बाटली उचलून बाजूच्या भोकातून खाली सोडायची. खाली ती फुटायची, चुरा परत भट्टीत जायचा आणि नवी बाटली होऊन पुन्हा तिच्याच समोर यायचा. काम म्हटलं तर काहीच नाही, म्हटलं तर डोळ्यांतून जीव काढणारं. मध्येमध्ये तिला उठवून दुसरीला बसवत, कारण फार वेळ बघत राहिलं की माणूस बघतो पण त्याला दिसत नाही. उठली की ती आधी दाराची चौकट धरायची. पट्टा एका बाजूला चाललेला बघून बघून समोरची भिंत उलट्या बाजूला सरकायला लागायची. ताटातला भातसुद्धा चालतो म्हणायची. मी म्हणायचे, "बरं आहे की. आपणहून तोंडात येत असेल." मग ती हसायची. हसताना डोळे गच्च मिटून घ्यायची, तेवढीच त्यांना सुट्टी.

ती कारखान्यात आली तेव्हा विशीसुद्धा ओलांडली नव्हती, आणि आली होती ती तात्पुरती. आई नुकतीच गेलेली, धाकटा भाऊ शाळेत, आणि वडील घरी बसलेले. वडलांना घरात-दारात सगळे आप्पा म्हणत. आप्पा गाडीवान. नदीतली वाळू बैलगाडीनं कारखान्याला आणून टाकायची, यातच त्यांचा जन्म गेला. काच वाळूचीच होते, तेव्हा आप्पा ऐटीत म्हणायचे, "कारखान्याला पहिला घास मी भरवतो." मग मालकांनी ट्रक घेतले आणि घास भरवायला ट्रक आले. आप्पांनी बैल विकले, लेकीला कामाला लावलं आणि म्हणाले, "धाकट्याचं शिक्षण होईपर्यंत कर. मग बघू."

धाकट्याचं शिक्षण झालं, दूरच्या शहरात नोकरी लागली, लग्नही झालं. "मग बघू" तेवढं राहिलं. कोणी मुद्दाम केलं असं नाही. तिच्या लग्नाचं दोनदा जमत आलं होतं. एकदा आप्पा अंथरुणाला खिळलेले होते, एकदा धाकट्याची परीक्षा तोंडावर होती. तिला कोणी बांधून ठेवलं नव्हतं, पण दोरी कुणाच्या हातात दिसत नाही म्हणून गाठ नसते असं थोडंच आहे!

कारखान्याच्या मागे कामगारांच्या खोल्यांची रांग. तिची आणि माझी खोली शेजारी, मध्ये एकच भिंत, तीही एका विटेची. त्या भिंतीतून मला तिचा सगळा दिवस ऐकू यायचा. स्टोव्हचा आवाज, बादली, आप्पांचा खोकला. मग ती, "आप्पा, गोळी घेतलीत?" "घेतली." "पाकीट दाखवा." मग जरा वेळ शांतता, मग पाण्याच्या भांड्याचा आवाज. आप्पा लबाडी करायचे, रोज पकडले जायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मला घरात घड्याळ लागत नसे.

त्या वर्षी मुख्य कचेरीतून नवे साहेब आले. वयानं तरुण, स्वभावानं बरे. त्यांनी आम्हा सगळ्यांना पॅकिंगच्या शेडमध्ये गोळा केलं आणि खोक्यावर उभे राहून म्हणाले, "आता आपल्याला चाकोरीबाहेर पडायचंय. चाकोरीबाहेर विचार करायचाय." हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की माझ्या मागची एक पुटपुटली, "आधी घरी जायला वेळेवर बाहेर सोडा म्हणावं." मग खरी बातमी आली. तपासणीसाठी कॅमेऱ्याचं यंत्र येणार. तपासणीच्या बायकांनी पॅकिंगला यावं किंवा हिशेब घेऊन घरी जावं. एकीला मात्र मालकांच्या दुसऱ्या कारखान्यात जाता येईल. तिथं काचेच्या बरण्यांवर हातानं नक्षी रंगवतात. त्यासाठी साहेबांनी दुर्बिणीचं नाव काढलं. "तुमची नजर आहे. शिकवतील तुम्हाला. आठवडाभरात सांगा."

शेडमधून बाहेर पडताना ती माझ्या पुढं पुढं चालत होती. पण मी तिला इतकी वर्षं बघत होते. तिचे कान लाल झाले होते.

त्या संध्याकाळी माझा स्टोव्ह बिघडला होता, म्हणून चहाला मी तिच्याकडेच बसले होते. आप्पा खाटेवर पाय खाली सोडून चहा फुंकत होते. तिनं बातमी सांगायची सोडून भलतंच काढलं. "आप्पा, आमचे नवे साहेब म्हणतात, चाकोरीबाहेर पडा."

"कसली चाकोरी? ती गेली डांबराखाली."

आम्ही दोघी हसायला लागलो. "अहो, ती नाही. चाकोरी म्हणजे हे आपलं रोजचं तेच ते. उठा, कामाला जा, या, झोपा. रहाटगाडगं."

"त्याला कधीपासून चाकोरी म्हणायला लागले?" आप्पांनी पेला खाली ठेवला. "चाकोरी म्हणजे वाट, पोरी. नदीपासून इथवर कच्चा रस्ता होता. सगळ्या गाड्या एकाच मापाच्या, चाकांवर लोखंडी धाव, वर वाळूचं ओझं. रोज त्याच जागेवरून चाकं जाऊन जाऊन जमिनीत दोन चर पडले. गुडघाभर खोल. चाकानं कोरलेली ती चाकोरी, असं आमच्यातले जुने गाडीवान सांगायचे. खरं-खोटं शब्दांतले जाणते जाणोत."

"मग चांगली की वाईट?" मी विचारलं.

"वाईट कशानं? एकदा चाक चाकोरीत पडलं की कासरा सैल सोडून झोपावं. बैल बरोबर नेतात. मी कितीदा झोपेतच नदीवर पोचलोय. मागचा गाडीवान ओरडायचा तेव्हा कळायचं, आलो म्हणून. चाकोरी म्हणजे आम्हाला सुख होतं."

"आणि बाहेर निघायचं झालं तर?" ती म्हणाली. आवाज सहजच होता, पण हातातलं फडकं थांबलं होतं.

"समोरून गाडी आली तर एकाला निघावंच लागायचं. रिकाम्यानं निघायचं, भरल्याला वाट द्यायची. भरलेली गाडी चाकोरीतून निघतच नाही. जोर केलास तर चाक काठावर चढतं, गाडी कलंडते, आस मोडते." आप्पा थांबले. मला वाटलं गोष्ट संपली. मग ते खाली जमिनीकडे बघत म्हणाले, "एकदा केला होता मी जोर. तुझी आई गेली त्या दिवशी."

ती वळून बघायला लागली.

"नदीवर निरोप आला, घरी या, बरं नाही. माझी गाडी भरलेली. पुढं गाड्यांची रांग, सगळ्या हळू. म्हटलं बाहेर काढून पुढं घालू. बैलांना मारलं. कधी मारत नव्हतो, त्या दिवशी मारलं. चाक काठावर चढलं आणि तिथंच बसलं, ना आत ना बाहेर. मग पाटीनं वाळू उपसत बसलो. निम्मी उपसली तेव्हा गाडी हलली."

"म्हणून उशीर झाला तुम्हाला?" ती म्हणाली. "मी दारात उभी होते आप्पा. आई विचारत होती."

"हो." आप्पांनी मान हलवली. "आणि मला नंतर कितीतरी दिवसांनी सुचलं, की गाडी तिथंच टाकून पायी पळत आलो असतो तर पोचलो असतो. अर्ध्या वाटेवर तर होतो. पण गाडी सोडून जायचं डोक्यातच आलं नाही. वाळू मालकाची होती."

मी माझा पेला विसळून पालथा घातला आणि घरी आले. भिंतीपलीकडे त्या दिवशी गोळीचं पाकीट कोणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याजवळ गाठून मी तिला विचारलं, "साहेबांना काय सांगणार?"

"नाही म्हणणार. पॅकिंगला येते तुझ्याशेजारी."

"अगं वेडी का तू?"

"हातचं सोडून पळत्याच्या मागे कुठं लागू? आणि आप्पांना कुठं टाकू? तिथं भाड्याची खोली, दिवसभर मी कामावर, अनोळखी गाव." तिनं हे सगळं एका दमात सांगितलं, घोकून ठेवल्यासारखं. मग म्हणाली, "पॅकिंगला खिडकी आहे ना?"

"आहे. समोर भिंत आहे."

"चालेल," ती म्हणाली.

त्याच दुपारी माझी पाळी लवकर सुटली होती. आप्पांनी दारातून मला हाक मारली, साहेबांनी लेकीला काय विचारलंय ते माझ्याकडून काढून घेतलं आणि धाकट्याला फोन लावून द्यायला सांगितलं. फोनवर मोठ्यांदा बोलले, शहर दूर असलं की मोठ्यांदा बोलावं लागतं अशी त्यांची समजूत. "मी तुझ्याकडे येतोय राहायला. नाही, पाहुणा नाही. कायमचा. बहिणीला काही विचारू नकोस, मी सांगतोय." पलीकडून काय आलं ते मला कळलं नाही. आप्पांनी मात्र फोन माझ्या हातात देताना डोळा मारला.

ती घरी आली तेव्हा खाटेवर ट्रंक उघडी होती. इतक्या वर्षांत त्या भिंतीतून मी तिचा चढा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग नाहीच! ठेवा ते कपडे."

"भरलेली गाडी निघत नाही पोरी. मला उतरव."

"तुम्ही काय वाळू आहात?"

"वाळूच. पण या वेळी मालकाची नाही, घरची आहे. दुसरीकडे ठेवता येते."

मग ट्रंकेचं झाकण एकदा आपटलं, पुन्हा उघडलं. मी भिंतीला कान लावला होता हे कबूल करते. शेवटी ती म्हणाली, "तो सदरा नका घेऊ, कॉलर फाटलीय," आणि मी समजले.

आप्पा धाकट्याकडे गेले, ती नव्या कारखान्याच्या गावी. तिच्या खोलीत भट्टीवरचं एक नवं जोडपं राहायला आलं. सुट्टीच्या दिवशी तिचा फोन यायचा. पहिले काही आठवडे फार हाल झाले म्हणे. ब्रश हातात घेतला की तिची नजर आधी बरणीतले बुडबुडे शोधायची. शिकवणारी बाई म्हणायची, "तू काच बघतेस. नक्षी बघ." मग हळूहळू जमलं. तिला एक निळं पान दिलं.

"एक म्हणजे?"

"एकच. बरणीच्या मानेखाली. देठ दुसरी काढते, तिचं टेबल माझ्या आधी. फूल तिसरी काढते. मी पान. दिवसभर पान."

"म्हणजे ये रे माझ्या मागल्या!"

"हो," ती म्हणाली. "पण इथं पट्टा नाही. बरणी मी उचलते, मी ठेवते. भिंत हलत नाही."

आप्पांचा विषय निघाला की म्हणायची, बरे आहेत, मजेत आहेत, फोनवर तसं सांगतात. मलाही ते बरं वाटायचं. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा तिला जोडून सुट्टी मिळाली. आधी न सांगता आप्पांकडे जायचं तिनं ठरवलं आणि मलाही बोलावलं. धाकट्याचं घर एका उंच इमारतीत चौथ्या मजल्यावर. आम्ही धापा टाकत वर पोचलो, तर दाराला बाहेरून कुलूप.

"बाहेर गेलेत वाटतं सगळे," मी म्हणाले.

तिनं सवयीनं कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोण आहे?"

ती दाराला चिकटली. "आप्पा?"

"अरे, तू! आज कशी?" आवाजात आनंद होता. मग तो आनंद सावरून घेतल्यासारखा झाला. "किल्ली नाही गं आत. ते दोघं संध्याकाळी येतात. बस तिथं पायरीवर. पायरी स्वच्छ असते."

"तुम्हाला कोंडून जातात?"

"कोंडून काय? कुलूप लावतात. चोरांसाठी."

"रोज?"

"सुट्टीच्या दिवशी उघडं असतं की."

ती दाराला टेकून खाली बसली. आत आप्पाही बसल्याचं कळलं, त्यांचे गुडघे वाजले. मधे लाकडाचं दार, आणि दोघं इकडच्या-तिकडच्या गप्पा मारत होते. पान कसं काढतात, वर किती ऊन येतं, सूनबाई भाजीत मीठ कमी घालते पण मन लावून करते. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. इमारतीतली माणसं जाता-येता आमच्याकडे बघत होती. एकदा आप्पा म्हणाले, "चाललीस का?" ती म्हणाली, "नाही, इथंच आहे." जरा वेळानं पुन्हा, "चाललीस का?"

धाकटा आणि त्याची बायको आली तेव्हा अंधारत आलं होतं. बहिणीला दारात बघून तो जागीच थिजला. मग त्यानं कुलूप काढलं. ती ओरडेल असं मला वाटलं, पण त्याआधी तोच बोलत सुटला. "ताई, तुला सांगितलं नाही. ते खाली जायचे आणि भर रस्त्याच्या मधून चालायचे. मधोमध! गाड्या मागून भोंगे वाजवतात, हे बाजूला होत नाहीत. दोनदा लोकांनी उचलून आणलं. आम्ही दोघं दिवसभर कामावर. मी काय करू, सांग ना? माझी काय हौस आहे?"

त्याची बायको पर्ससकट भिंतीला टेकून उभी होती, रडवेली. मला त्यांचा राग आणायचा होता, आला नाही.

"तुझं चुकलं असं मी म्हणतेय का?" ती म्हणाली. मग आत जाऊन तिनं खाटेखालची ट्रंक ओढली.

आप्पा घाबरले. "ए, हे काय? मला परत लादून घेऊ नकोस. मोठ्या मुश्किलीनं सुटलीस. मी इथं बरा आहे, विचार यांना."

"आप्पा, गप्प बसा. चप्पल घाला."

"तुझं काम..."

"चप्पल घाला म्हणते ना."

त्यांनी चप्पल घातली. डाव्या पायाची उजव्यात घातली, तिनं खाली बसून बदलली.

आता ती दोघं नव्या कारखान्याच्या गावी एका खोलीत राहतात. खोली तळमजल्यावर, गल्ली बंद, तिथं वाहनं येत नाहीत. मी गेल्या महिन्यात जाऊन आले. गेल्या गेल्या आधी कानावर काय पडलं, तर, "गोळी घेतलीत?" "घेतली." जेवणाच्या सुट्टीत ती पळत घरी येते, आप्पांना वाढते, पळत परत जाते. आप्पांना गाव आवडत नाही, पाणी आवडत नाही, घरमालकीण तर अजिबातच नाही. दोघांचं रोज भांडण होतं. ती पूर्वीपेक्षा वाळलीय. मी न राहवून विचारलं, "मग जाऊन मिळवलंस काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "तिथंही अडकले होते, इथंही अडकलेय. तू मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस, बाई."

मी उठून आप्पांचं ताट विसळलं.

शिकवणारी बाई तिला फूल शिकवायला तयार आहे. पण तो वर्ग संध्याकाळचा, आणि संध्याकाळीही आप्पा एकटे नकोत म्हणून तिनं नाही सांगितलं होतं. हे आप्पांना घरमालकिणीकडून कळलं. ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू जा. मी दार आतून लावून बसेन. कडी माझ्या हातात राहील." ती गेली. परत आली तेव्हा आप्पा दिवा चालू ठेवून झोपलेले, दार वाजवून वाजवून उठवावं लागलं, आत दूध उतू जाऊन शेगडी बरबटलेली. तिनं शेगडी घासली. दुसऱ्या खेपेला दूध तापवून ठेवून गेली.

आठवड्यातून दोनदा जाते आता. मी तिथं होते तेव्हा तिनं टेबलावर कागद पसरून मला पाकळी काढून दाखवली. वाकडी आली. तिनं डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं, म्हणाली, "नाही जमली," आणि कागद उलटा करून दुसरी काढायला घेतली. आप्पा खाटेवरून म्हणाले, "आधी भात टाक, भूक लागलीय." ती उठली.